स्विच आणायला जाताना

शाळांची विज्ञान प्रदर्शने जवळ आली की मुले-मुली घरच्यांच्या मागे लागतात. क्विझचा बझर करायचाय, पैसे द्या! पुस्तकातून सामानाची यादी उतरवलेली असते. एलईडी किती, रेझिस्टन्स किती, सगळे नीट. शेवटच्या ओळीत मात्र नुसते 'स्विच, ६ नग'. कसला स्विच, याचा पत्ता नाही. मुंबईतला बाप कामावरून सुटून ग्रँट रोडला उतरतो आणि लॅमिंग्टन रोडच्या एखाद्या दुकानात ती चिठ्ठी पुढे करतो. पुण्याचा असेल तर तापकीर गल्लीत जातो. गिऱ्हाइकांच्या गर्दीत दुकानदार हाताला लागेल ते पुडीत बांधून देतो. घरी पुडी सोडल्यावर मुलगी म्हणते, "पप्पा, हे नाही!" स्विचच्या किमतीपेक्षा जाण्यायेण्याचे भाडे जास्त आणि वर अर्धा दिवस बुडालेला. म्हणून आज या बारक्या वस्तूविषयी लिहायचे आम्ही ठरवले आहे.

बझरचेच उदाहरण घेऊ. चार स्पर्धक आहेत. जो पहिल्याने बटन दाबेल त्याचा दिवा पेटायचा, हात उचलला तरी पेटलेलाच राहायचा. मग प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी एक बटन दाबून तो विझवायचा आणि पुढचा प्रश्न. एवढ्याशा खेळण्यात तीन जातींचे स्विच लागतात.

स्पर्धकांच्या हाताखाली हवा तो 'पुश-टू-ऑन'. बोट आहे तोवर जोडलेला, बोट काढले की सुटलेला. आपल्या दारावरच्या बेलचे बटन याच जातीचे. दिवा पेटता ठेवण्याचे काम आत बसवलेला एससीआर नावाचा भाग करतो. त्याला एकदा इशारा मिळाला की पुरे. पण तो एससीआर विझवायचा कसा? त्याच्यातून जाणारा प्रवाह क्षणभर तोडावा लागतो. म्हणून बाईंच्या हाताशी पाहिजे उलटा, म्हणजे 'पुश-टू-ऑफ'. तो एरवी जोडलेला असतो, दाबला की सुटतो. बाहेरून दोन्ही बटने जुळ्या भावांसारखी दिसतात आणि सगळा घोटाळा इथेच होतो. चिठ्ठीवर 'चार पुश-टू-ऑन, एक पुश-टू-ऑफ' असे स्वच्छ लिहून द्या. तिसरा स्विच बॅटरीचा. तो एकदा सरकवला की तिथेच राहिला पाहिजे, म्हणून स्लाइड किंवा टॉगल. त्याला बहुधा तीन पाय असतात. मधला पाय सामाईक. दांडी इकडे केली की तो एका कडेच्या पायाशी जोडला जातो, तिकडे केली की दुसऱ्याशी. आपल्याला मधला आणि कडेचा कोणताही एक एवढे पुरे. तिसरा मोकळा राहिला तर काही बिघडत नाही.

चार पायांचे चिमुकले चौकोनी बटन मिळते, त्याला टॅक्ट स्विच म्हणतात. स्वस्त म्हणून मुलांना ते फार आवडते. त्याचे चार पाय म्हणजे खरे तर दोनच. दोन-दोन पाय आतून कायमचे जोडलेले असतात. चुकून त्या जोडीतलेच दोन पाय वापरले तर बटन न दाबताही दिवा पेटतो, आणि मुलगा बिचारा रात्रभर सर्किटमधली चूक शोधत बसतो. कोपऱ्यासमोरच्या कोपऱ्याचे पाय घ्यावेत, म्हणजे भानगड राहत नाही. पण स्पर्धेत मुले बटनावर बुक्क्या मारतात, तिथे हे नाजूक बटन टिकायचे नाही. तिथे पत्र्याला किंवा लाकडाला भोक पाडून नटाने आवळायचे मोठे बटनच घ्या.

आता जिवाची गोष्ट. टॅक्ट स्विच साधारणपणे १२ व्होल्ट आणि ५० मिलिअँपिअरपर्यंतचा असतो. एक एलईडी दहा-वीस मिलिअँपिअर घेतो, म्हणजे आपला बझर त्यात सहज बसतो. परंतु हाच स्विच, किंवा रेडिओतला स्लाइड स्विच, घरच्या २३० व्होल्टच्या दिव्याला लावलेला आम्ही प्रदर्शनाच्या टेबलावर पाहिला आहे! पुठ्ठ्याचे सुंदर घर, आत खराखुरा बल्ब, आणि बोटाच्या टोकाखाली नखाएवढा स्विच, मागच्या तारा उघड्या. त्या मुलाला बक्षीस मिळो न मिळो, त्याचा हात सलामत राहिला पाहिजे. मुलांचे प्रयोग बॅटरीवरच चालावेत, घरच्या विजेला त्यांनी हात लावू नये, हे आम्ही आईबापांना बजावून सांगतो. मास्तरांनीही असे मॉडेल टेबलावर मांडू देऊ नये.

टॉगलवर कधी '३ अँपिअर २५० व्होल्ट एसी' असे कोरलेले असते. तेवढ्यावरून तो वाटेल तिथे चालेल असे समजू नका. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच सुटताना उडालेली ठिणगी विझते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही. म्हणून मोठ्या बॅटरीवरची मोटर चालवायची असेल तर 'डीसी'चा आकडा वेगळा विचारून घ्यावा. शिवाय मोटर सुरू होताना चालत्या मोटरीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. एलईडीच्या कामात ही काळजी नाही.

खर्च वाचवायचा असेल तर भंगारात पडलेला कॉम्प्युटरचा माऊस उघडा. त्यात दोन-तीन उत्तम मायक्रोस्विच निघतात. जुन्या रेडिओतला स्लाइड स्विचही चालतो. विकतचा असो की भंगारातला, लावण्यापूर्वी तपासा. मल्टिमीटर नसेल तर एक सेल, टॉर्चचा बल्ब आणि दोन तारा पुरतात. बटन दाबून-सोडून पाहिले की बल्बच सांगतो ते पुश-टू-ऑन आहे की ऑफ. दुकानातच विनंती केली तर दुकानदार मीटर लावून दाखवतो. त्यात संकोच कसला?

हल्ली तयार मॉडेल विकत आणून टेबलावर ठेवण्याची एक रीत पडली आहे. परीक्षक विचारतात, "हे बटन सोडल्यावर दिवा का विझत नाही?" आणि मूल आईच्या तोंडाकडे बघते. त्यापेक्षा घरी केलेला वाकडातिकडा बझर आम्हाला शंभरदा पसंत.

सोल्डर करताना तापलेले टोक पायाला दोन-तीन सेकंदांवर टेकवून ठेवू नका. स्लाइड स्विचचे प्लॅस्टिक मऊ पडते, पाय तिरका होतो आणि दांडी अडकते. पाय आधी घासून घ्यावा, म्हणजे सोल्डर लगेच धरते. पेस्ट थोडीच लावा. ती वितळून आत गेली की स्विच कधी लागतो, कधी लागत नाही.