हौस खर्जाची, हिशेब खिशाचा

'सेव्हन स्ट्रिंग घेतोय रे,' असं कुणी कट्ट्यावर जाहीर केलं की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. बँडमधला सीनियर म्हणतो, 'आधी सहा तारा नीट वाजव.' घरचे म्हणतात, 'एक गिटार आहे ना घरात, मग दुसरी कशाला?' तिसरी प्रतिक्रिया मोबाइलच्या स्क्रीनवरून येते आणि ती सगळ्यात गोड असते. 'सात कशाला, थोडे पैसे घालून आठ तारांचीच घे!'

मला हे तिन्ही सल्ले पटत नाहीत. स्वस्तातली सात तारांची इलेक्ट्रिक गिटार विद्यार्थ्यानं बिनधास्त घ्यावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही. स्वस्तातली आठ तारांची मात्र घेऊ नये. आणि सात तारांची घेण्याआधी काही शे रुपयांत होणारी एक परीक्षा द्यावी. का, ते सांगते.

आधी ज्यांनी गिटार हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. नेहमीच्या गिटारला सहा तारा असतात. सगळ्यात जाड तार 'ई' स्वराला लावतात, म्हणजे ती सेकंदाला साधारण ८२ वेळा थरथरते. सात तारांच्या गिटारला त्याखाली आणखी एक 'बी' असतो, साधारण ६२ वेळा थरथरणारा. आठव्या तारेचा 'एफ शार्प' तर थेट ४६ वर जातो. आपल्या भाषेत सांगायचं तर गिटारला जास्तीचा खर्ज मिळतो. मेटलकोर किंवा 'जेंट' प्रकारातल्या गाण्यांत छातीवर थाप बसावी तसा जो आवाज येतो, तो बऱ्याचदा या खालच्या तारांचा.

तार वाढवणं हा चाळा नव्हे

'हे सगळं नवं फॅड आहे' असं म्हणणाऱ्यांनी जरा मागे बघावं. रशियात एकोणिसाव्या शतकात सात तारांचीच गिटार घरोघरी वाजायची. अमेरिकेत जॉर्ज व्हॅन एप्स या जॅझ वादकानं १९३०च्या दशकाच्या अखेरीस सात तारांची गिटार बनवून घेतली, कारण त्याला एकट्यानं बास आणि सूर दोन्ही वाजवायचं होतं. १९९० मध्ये स्टीव्ह वायसाठी इबानेझनं 'युनिव्हर्स' बाजारात आणली. त्याच गिटारी घेऊन कॉर्न या बँडनं १९९४ मध्ये पहिला अल्बम केला आणि खालच्या तारेचा आवाज जगभरच्या गॅरेजमध्ये पोचला.

आपल्याकडे तर वाद्याला तारा जोडणं ही जुनी सवय. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला जास्तीच्या तारा जोडून मोहनवीणा केली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी आणलं. यू. श्रीनिवास यांनी मँडोलिनच्या चार जोडतारा काढून पाच एकेरी तारा बसवल्या, कारण कर्नाटक संगीताला लागणारा खर्ज त्यांना नेहमीच्या मँडोलिनवर मिळत नव्हता. या लोकांना आधी सूर ऐकू आला आणि मग त्यांनी तार वाढवली. आपली गल्लत इथेच होते. आपण आधी तारांचा आकडा बघतो आणि वाजवायचं काय ते नंतर शोधतो.

आठ का नको?

यात थोडं फिजिक्स आहे, पण बारावीइतकंच. तार जितकी खाली उतरवाल तितका तिचा ताण कमी होतो, आणि तोही वर्गाच्या हिशेबानं. सहा तारांच्या गिटारवरची जाड 'ई' तशीच 'बी'पर्यंत उतरवली तर तिचा ताण जवळपास ५६ टक्क्यांवर येतो. 'एफ शार्प'पर्यंत उतरवली तर एक तृतीयांशही उरत नाही. तार कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबायला लागते. यावर उपाय दोनच. तार जाड करा, नाहीतर लांब करा.

जाडीला मर्यादा आहे. फार जाड तार कमी लांबीवर सळईसारखी वागते, तिचे वरचे स्वरांश सुरात राहत नाहीत आणि आवाज घुमट होतो. म्हणून लांबी महत्त्वाची. दुकानात यालाच 'स्केल लेंथ' म्हणतात. साडेपंचवीस इंचांऐवजी २७ इंच घेतली तर त्याच तारेला त्याच स्वरावर साधारण १२ टक्के जास्त ताण मिळतो. सातव्या तारेला साडेपंचवीस इंच चालून जातात, साडेसव्वीस मिळाले तर उत्तम. आठव्या तारेला मात्र २७ इंचही अनेकांना कमी वाटतात. महागड्या गिटारीत यावर तोडगे निघतात. तिरके फ्रेट बसवतात, खालची तार आणखी लांब ठेवतात, पिकअप खास त्या आवाजासाठी बनवतात. स्वस्त आठ तारांच्या गिटारीत बऱ्याचदा आकडा तेवढा आठ असतो, बाकी तोडगा तुमचा तुम्ही काढायचा.

दुसरी गोष्ट बँडची. बास गिटारची सगळ्यात खालची तार साधारण ४१ला असते. आठव्या तारेचा ४६ म्हणजे त्याच्यापेक्षा फक्त एक स्वर वर. मग दोघं एकाच खोलीत एकाच कोपऱ्यासाठी भांडत बसतात आणि ऐकणाऱ्याला नुसती गुरगुर ऐकू येते. रेकॉर्डिंग करणारे तर गिटारचा ८०-१०० हर्ट्झच्या खालचा भाग बऱ्याचदा कापूनच टाकतात, तिथे बासला जागा द्यायची म्हणून. म्हणजे ज्या खर्जासाठी तुम्ही पैसे मोजले, त्यातला बराचसा मिक्समध्ये उरतच नाही. उरतो तो वरचा करकरीत भाग.

आणि रीलमधला तो जबरदस्त आवाज? मोबाइलच्या स्पीकरमधून ४६ हर्ट्झ बाहेर पडतच नाही. तुम्ही ऐकता ते वरचे स्वरांश, मागे मिसळलेला बास आणि कुणाचं तरी तासन्‌तासांचं मिक्सिंग. मोबाइलवर डेमो ऐकून आठ तारांची गिटार घेणं म्हणजे फोटो बघून मिसळ किती तिखट आहे ते ठरवणं.

हाताचंही बघा. मानेची नटजवळची रुंदी सहा तारांना साधारण ४३ मिलिमीटर, सातला ४८, आठला ५५. सातची सवय काही आठवड्यांत होते. आठला बोटांपेक्षा मनगट आधी कुरकुरतं. आमच्या कॉलेजच्या बँडमधल्या एका मित्रानं ऑनलाइन सेलमध्ये आठ तारांची गिटार घेतली. सहा महिन्यांनी तो तिच्यावर सहाच तारा वाजवत होता, उरलेल्या दोन तळहातानं दाबून धरण्यात त्याची निम्मी ताकद जायची. विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळेना.

काही शे रुपयांची परीक्षा

मग सात तरी घ्यावी का? त्याचं उत्तर दुकानदाराला विचारू नका, तुमच्या आत्ताच्या गिटारला विचारा. पहिली पायरी फुकट आहे. जाड 'ई' एक स्वर उतरवून 'डी' करा आणि महिनाभर त्यावर वाजवा. मजा आली तर दुसरी पायरी. जाड तारांचा सेट आणा, साधारण १२ ते ६० गेजचा, आणि सगळी गिटार 'बी'पासून लावा. जाड तार नटच्या खाचेत नीट बसत नसेल तर खाच घासून घ्यावी लागेल, मानेचा रॉडही थोडा फिरवावा लागेल. हे काम येत नसेल तर माहीतगाराकडूनच करून घ्या.

आता दोन महिने वाजवा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा, 'मला वरचं काही आठवतंय का?' कारण या लावणीत खर्ज मिळतो, पण वरचे सूर जातात. रिफ वाजवून तुमचं समाधान होत असेल तर तुम्हाला सातव्या तारेची गरज नाही, तुमचे पंचवीस-तीस हजार वाचले. पण खालचा रिफ वाजवताना वरचा सोलोही हवा असेल, जुनी गाणी वाजवायला दर वेळी गिटार परत लावावी लागत असेल, तर सातवी तार तुमच्यासाठीच आहे. सात तारांच्या गिटारमध्ये नेहमीच्या सहा तारा जशाच्या तशा राहतात, फक्त खाली एक वाढते.

स्वस्त म्हणजे कुठे स्वस्त?

इबानेझच्या कमी किमतीच्या मालिकेपासून अनेक ब्रँडच्या गिटारी आज इंडोनेशिया आणि चीनमधल्या कारखान्यांत बनतात. लाकूड कापायचं काम कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं करतात, त्यामुळे मान आणि बॉडी बऱ्यापैकी अचूक येते. काटकसर होते ती माणसाच्या हातानं करायच्या कामात. फ्रेटच्या कडा घासणं, नटच्या खाचा नीट कापणं, ब्रिजची उंची जुळवणं या गोष्टींना वेळ लागतो, आणि कमी किमतीत तो वेळच मिळत नाही.

शास्त्रीय संगीताच्या घरातल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. मिरजेच्या तंबोऱ्याची ख्याती एवढी की तिथल्या सतार आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. पण तो तंबोराही जवारी काढल्याशिवाय बोलत नाही. कारागीर घोडी घासतो, तार लावून ऐकतो, परत घासतो. गिटारचा सेटअप म्हणजे तिची जवारीच. तंबोऱ्यावर हा खर्च आपण गृहीत धरतो आणि गिटारच्या वेळी मात्र बॉक्स उघडला की काम झालं असं समजतो.

म्हणून बजेट करताना गिटारची किंमत हा शेवटचा आकडा धरू नका. दोन-अडीच हजार सेटअप आणि नव्या तारांसाठी बाजूला ठेवा. त्यासाठी एक मॉडेल खालचं घ्यावं लागलं तरी चालेल. नीट सेटअप केलेली स्वस्त गिटार ही सेटअप न केलेल्या महागड्या गिटारपेक्षा जास्त वाजवली जाते, हे माझं ठाम मत आहे. 'नो कॉस्ट ईएमआय'च्या पाटीखाली प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लपलेला असू शकतो, तेही वाचून घ्या.

शक्य असेल तर दुकानात जाऊनच घ्या. मुंबईत धोबी तलावला, पुण्यात, पणजीत, मडगावात वाद्यांची दुकानं आहेत. तिथं लाजू नका. सातवी तार पहिल्या फ्रेटपासून शेवटपर्यंत एकेक वाजवून बघा, कुठे खरखरते का. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनर ॲपवर जुळतो का ते तपासा. मानेच्या कडेवरून बोट फिरवा, फ्रेट टोचतात का बघा. हलणाऱ्या ब्रिजपेक्षा पक्का ब्रिज निवडा, या किमतीत हलणारा ब्रिज डोकेदुखीच असते. स्केल लेंथ विचारा, आणि सात तारांचे सेट नेहमी मिळतात का हेही विचारा.

सीनियर आणि घरचे

'आधी सहा नीट वाजव' यात थोडं तथ्य आहे. ज्यानं अजून गिटार हातातच घेतली नाही, त्यानं सहानंच सुरुवात करावी. जास्तीची तार नको तेव्हा गप्प ठेवणं हेही एक कौशल्य आहे आणि ते यायला वेळ लागतो. पण हेच वाक्य वर्ष-दोन वर्षं वाजवणाऱ्याला ऐकवलं की त्याचा अर्थ बदलतो. तेव्हा ते शिकवण राहत नाही, दारावरचा पहारा होतो. 'नीट' म्हणजे किती, ते कुणी सांगत नाही. वाद्यावर हक्क मिळवण्यासाठी आधी परवानगी लागते, असं सुचवलं जातं. केशव धर यांनी दिल्लीत घरच्या घरी रेकॉर्डिंग करत 'स्कायहार्बर' सुरू केलं, तेव्हा त्यांनी कुणाची परवानगी मागितली नव्हती. घरात बसून असं संगीत करता येतं, हीच आपल्या पिढीची मोठी सोय आहे. महागडी वाद्यं परवडणाऱ्यांपुरतीच ती राहू नये, म्हणून स्वस्त गिटारचं मला कौतुक आहे.

घरच्यांचा प्रश्न जास्त गंभीर आहे. पंचवीस-तीस हजार म्हणजे अनेक घरांत एका सेमिस्टरची फी, किंवा गावाहून आलेल्या मुलाची कितीतरी महिन्यांची मेस. माझ्यासारख्या इंटर्नच्या स्टायपेंडमध्ये ती रक्कम जमायला वर्ष लागतं. म्हणूनच 'हौसेला मोल नाही' ही म्हण मला पटत नाही. आपल्या वयात हौसेला मोल असतं, आणि ते कुणीतरी घाम गाळून दिलेलं असतं. 'मित्राकडे आहे' हे घरच्यांना द्यायचं उत्तर नव्हे. 'दोन महिने जाड तारा लावून वाजवलंय, आता या गिटारवर हे गाणं होत नाही, ऐका,' असं म्हणत ते गाणं वाजवून दाखवणं, हे उत्तर आहे. ते ऐकूनही नाही म्हणाले तर थांबायला हरकत नाही, तोवर जाड तारा आहेतच.

तेव्हा पुढच्या सेलची वाट बघण्याआधी आज रात्री एवढं करा. तुमच्या गिटारची सगळ्यात जाड तार एक स्वर खाली उतरवा आणि दार लावून तासभर वाजवा. सात हवी की नको, हे तिथूनच कळायला लागेल.