येणाऱ्या वस्तूला जाण्याची वाट हवी



घर आवरायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दिवाळीआधीचे चार दिवस उभे राहतात. पदर खोचायचा, स्टुलावर चढायचं, माळ्यावरचं सामान अंगणात काढायचं, धूळ झटकायची, डबे घासायचे. खरी गोम तर पुढेच आहे. घासूनपुसून झालं की त्यातलं बहुतेक सगळं आपण होतं तिथेच नेऊन ठेवतो! कंबर मोडते, दोन दिवस शिंका येतात, घरच्यांवर चिडचिड होते ती वेगळीच. अडगळ होती तेवढीच राहते, फक्त स्वच्छ होते. पुढच्या दिवाळीपर्यंत तिच्यात थोडी भरच पडलेली असते.

म्हणून आज बोलायचं आहे ते साफसफाईबद्दल नव्हे, तर नको असलेली वस्तू घराबाहेर पाठवण्याबद्दल. आणि तेही वर्षातून एकदा नव्हे, तर रोज थोडं थोडं, अंगवळणी पडेल अशा बेतानं.

आमच्या मलकापुरातलं कुठलंही घर घ्या. गच्चीवर आणि माळ्यावर काय काय सापडेल? चार महिने चालणारा आणि आठ महिने जागा अडवून बसणारा कूलर, त्याच्या जुन्या ताट्या, पाण्याचे दोन-तीन ड्रम आणि त्यातला एक तडकलेला. आहेरात आलेली, अजून कागदातच गुंडाळलेली स्टीलची भांडी. मिठाईचे रिकामे खोके, लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरण्या, मुलांच्या दहावीच्या गाइडांचा गठ्ठा आणि कुठल्या मोबाइलचे ते कुणालाच सांगता येणार नाही असे चार्जर. विचारावं, तर घरातलं जुनं माणूस म्हणतं, "राहू दे वं माय, कामी पडते."

या "कामी पडते"ला हसू नका. १९७२च्या दुष्काळाची झळ ज्यांनी सोसली, त्यांच्या लेखी रिकामा डबा हा नुसता रिकामा डबा नव्हता. वस्तू जपणं हा त्यांचा लोभ नव्हे, शहाणपणा होता. शिवाय त्यांच्या घरात एक गोष्ट होती, जी आपल्या घरातून नकळत गेली. प्रत्येक वस्तूला पुढची वाट ठरलेली होती.

सुती लुगड्याचंच पाहा ना. आधी ते सणावाराला नेसायचं, मग घरी. विरलं की त्याची गोधडी व्हायची किंवा बाळाची दुपटी, लंगोट. दुपटं फाटलं की फडकं, फडकं झिजलं की पोतेरं. उरलीसुरली चिंधीही कशाला ना कशाला लागायची. आपला हा कापसाचा मुलूख. गादी दबली तर ती टाकायची नाही, पिंजाऱ्याला बोलावून कापूस पिंजून घ्यायचा आणि नवी खोळ भरायची. भांडं फुटलं की मोडीत द्यायचं आणि वर पैसे घालून नवं आणायचं. जुन्या कपड्यांवर बोहारीण भांडं द्यायची. म्हणजे घरात वस्तू साठत होत्या खऱ्या, पण त्या सरकतही होत्या.

आता सिंथेटिक साडीचं काय कराल? तिचं फडकं पाणी टिपत नाही आणि गोधडी अंगावरून घसरते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती अंगाला सोसवतही नाही. प्लास्टिकचा डबा तुटला तर सांधता येत नाही. चार्जर बिघडला तर त्याचं पोतेरं होत नाही! या वस्तू आपल्या घरात आल्या, पण त्यांची पुढची वाट काही आपण ठरवली नाही. मग त्या माळ्यावर जाऊन बसतात. अडगळ होते ती आपण आळशी आहोत म्हणून नव्हे; येणाऱ्या वस्तूला जाण्याची वाट नाही म्हणून.

आणि "टाकाऊतून टिकाऊ"बद्दल दोन शब्द. बाटलीची फुलदाणी करा, पुठ्ठ्याची पेटी करा, हौस जरूर करा. पण सहावी फुलदाणी झाली की ती टिकाऊ राहत नाही, नव्यानं टाकाऊ होते. आणि "पुढे काहीतरी करीन" म्हणून ठेवलेल्या पंचवीस बाटल्या म्हणजे पंचवीस कामंच उरावर घेतल्यासारखी असतात.

जपानच्या मारी कोंदो या बाईंचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. घर आवरण्यावरचं त्यांचं पुस्तक २०१४ मध्ये इंग्रजीत आलं आणि जगभर गाजलं. जी वस्तू हातात घेतल्यावर मनाला आनंद देते तेवढीच ठेवायची, बाकीच्यांचे आभार मानून त्यांना निरोप द्यायचा आणि हे सगळं एकदाच झपाट्यानं करून टाकायचं, अशी त्यांची रीत. वस्तूचे आभार मानण्याचं आपल्याला नवल नाही. आपण तर लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतो. पण याच बाईंनी, तिसऱ्या मुलाच्या जन्मानंतर, २०२३ मध्ये मोकळेपणानं सांगितलं, की आता घर सतत नीटनेटकं ठेवण्याचा आग्रह आपण बराचसा सोडून दिला आहे. मला त्यांचं हे बोलणं त्यांच्या पुस्तकाइतकंच मोलाचं वाटतं. नांदत्या घरात रोज काहीतरी येतच राहणार. तेव्हा जाणंही रोजचंच हवं.

यासाठी लांब कशाला जायचं? आपल्या वऱ्हाडातच गाडगेबाबा होऊन गेले. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी खराटा हाती घ्यायचा. दिवसा गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनातून लोकांची मनं. त्यांनी सणाची वाट पाहिली नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. लोकांचा केवढा पैसा हातातून गेला, पण स्वतःपाशी उरलं ते गाडगं, खराटा आणि अंगावरच्या चिंध्या. आपण संसारी माणसं, आपल्याला एवढं कुठलं जमणार! पण त्यांच्यापासून दोन गोष्टी घेता येतील. झाडणं रोजचं असतं ही एक, आणि हाती आलेलं पुढे द्यायचं असतं ही दुसरी.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

सवय लागते ती वेळेला बांधली की. दिवेलागणीपूर्वी केर काढण्याची आपली जुनी रीत आहेच. त्याच्या आधीची दहा मिनिटं यासाठी ठेवा. घड्याळ लावून दहाच. आणि जागा एकच घ्या: आज मसाल्याची फळी, उद्या कपाटाचा एक खण, परवा फक्त औषधांचा डबा. "आज सगळं स्वयंपाकघर काढते" असं ठरवलं की रात्री पोळ्या लाटायला ओटा मोकळा नसतो आणि दुसऱ्या दिवशी उत्साहही नसतो.

हातात आलेल्या प्रत्येक वस्तूचे तीनच भाग करायचे: ठेवायची, द्यायची, मोडीत घालायची. "पाहू नंतर" हा चौथा ढीग म्हणजेच अडगळ. फारच मन होत नसेल तर अशा वस्तूंचं एक गाठोडं बांधा आणि त्यावर तारीख लिहा. सहा महिन्यांत ते सोडायची गरज पडली नाही, तर समजा उत्तर मिळालं.

दाराजवळ एक मोठी पिशवी अडकवून ठेवा, ती जाणाऱ्या वस्तूंची. आठवड्यातून एक दिवस ती रिकामी झालीच पाहिजे. रद्दी रद्दीवाल्याकडे, लोखंड-प्लास्टिक भंगारवाल्याकडे, वापरण्याजोगं असेल ते गरज असलेल्याकडे. मुदत संपलेली औषधं, फुटलेल्या ट्यूब आणि जुने सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका. ते वेगळे बांधून वेगळेच द्या. फुगलेली मोबाइलची बॅटरी तर घरात ठेवूच नका, ती पेट घेऊ शकते.

हा आठवड्याचा दिवस "कोरडा दिवस"ही करा. डेंग्यूचा डास घाण गटारापेक्षा साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो: ड्रमात, कूलरच्या टाकीत, गच्चीवरच्या फुटक्या बादलीत, जुन्या टायरात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून दर आठवड्याला पाणी ओतून भांडं कोरडं करायचं. नुसतं ओतून मात्र भागत नाही. ही अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. कडा घासायलाच हव्यात. उन्हाळा संपल्यावर कूलर आवराल तेव्हा टाकी घासून, उन्हात खडखडीत वाळवून आणि झाकूनच ठेवा. आणि गच्चीवरची तडकलेली बादली "कामी पडेल" म्हणून ठेवलीत, तर पहिल्या पावसात ती कुणाच्या कामी पडेल हे आता सांगायला नको!

बाजारातून नवं आणतानाही एक नेम पाळा. एक आलं की एक गेलं पाहिजे. नवी चादर आली त्याच दिवशी एक जुनी पिशवीत गेली पाहिजे. आणि विकत घेण्याआधी मनाशी विचारा, "ही उद्या जाणार कुठे?" उत्तर सुचलं नाही, तर बऱ्याचदा ती वस्तू दुकानातच बरी दिसते.

आता नाजूक भाग. घरात वस्तू एकट्या आपल्या नसतात. सासूबाईंची ट्रंक, ह्यांचे कागद, मुलांचे खेळ. दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता कधीही टाकू नका. एकदा तसं झालं की त्या घरात पुढे कुणीच काही टाकू देत नाही. सासूबाईंच्या ट्रंकेला हात घालायचा असेल तर दुपारी निवांत त्यांच्याजवळ बसा आणि एकेक वस्तू त्यांनाच काढू द्या. प्रत्येकीमागची गोष्ट ऐका. पुष्कळदा जपायची असते ती गोष्ट. ती ऐकणारं कुणी भेटलं की वस्तू हातून सहज सुटते. "हे भांडं तू वापर" असं त्यांनी स्वतः म्हणण्यात जो गोडवा आहे, तो भांडून मोकळ्या केलेल्या फळीत नाही. कागदांचंही तसंच. खरेदीखत, सातबारा, जन्माचे आणि शाळेचे दाखले, बँकेचे आणि विम्याचे कागद एका पेटीत, आणि ती कुठे आहे हे घरात दोघांना तरी ठाऊक हवं. बाकीच्या पावत्या ह्यांना दाखवून, विचारूनच रद्दीत घाला.

देतानाही जरा जपून. फाटका, डागाळलेला कपडा कामवाल्या बाईंच्या हातात ठेवणं म्हणजे आपली अडगळ त्यांच्या घरी पाठवणं. अंशु गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली "गूंज" ही संस्था जुने कपडे गरजूंपर्यंत पोचवते, आणि घेणाऱ्याचा मान राखला पाहिजे हेच ती आवर्जून सांगते. तेव्हा धुऊन, बटणं लावून, घडी घालून द्या. "हवं आहे का?" असं आधी विचारा आणि "नको" म्हणण्याची मोकळीकही द्या.

शेवटी एक गोष्ट खास तुमच्यासाठी. घरातली जागा कमी पडली की बहुतेक घरांत आधी जातात त्या बाईच्या वस्तू. तिची पेटी, तिची पुस्तकं, भरतकामाची पिशवी, शाळेतलं बक्षीस. ते स्वतःहून काढून देणारीही बहुधा तीच. असं करू नका. मोकळा झालेला पहिला खण स्वतःच्या नावानं ठेवा. त्यात कुणाचा चार्जर नको की कुणाची पावती नको. सगळ्यांच्या वस्तूंना जागा शोधून देणाऱ्या बाईला आपल्याच घरात हक्काचा एक खण असू नये, हे काही बरं नव्हे.

या आठवड्यात जास्त काही करू नका. दाराजवळ पिशवी अडकवा, आणि आज दिवेलागणीपूर्वी फक्त औषधांचा डबा घेऊन बसा.