बॅकअप घेतला, पुढे काय?

गेल्या जानेवारीत रात्री दोनच्या सुमारास मी माझ्या रूममेटचा प्रोजेक्ट वाचवायला बसलो आणि अर्ध्या तासात होता त्याहून जास्त घालवून बसलो. म्हणून हा लेख. कॉम्प्युटरवाल्यांनी 'हे तर आम्हाला माहितीये' म्हणून पान उलटू नये, कारण मीही कॉम्प्युटरचाच आहे.

झालं असं, की आमचा रूममेट मेकॅनिकलचा. बेअरिंगच्या कंपनांची रीडिंग्ज त्याने दिवाळीपर्यंत लॅबमध्ये बसून घेतली होती. नंतर सेटअप मोडून दुसऱ्या ग्रुपला दिला, म्हणजे रीडिंग्ज पुन्हा मिळणं शक्य नव्हतं. त्या रात्री त्याला 'टेस्ट'ने सुरू होणाऱ्या फालतू फाइली उडवायच्या होत्या. आरएम लिहिलं, टेस्ट लिहिलं, मग चुकून एक स्पेस पडली आणि मग स्टार. 'टेस्ट नावाची फाइल सापडत नाही' असं मशीनने नम्रपणे कळवलं आणि त्या फोल्डरमधल्या बाकी सगळ्या फाइली साफ केल्या.

तो रडायच्या बेतात. मी मात्र आरामात. कारण दिवाळीला घरी जायच्या आधी त्याच्या अख्ख्या प्रोजेक्ट फोल्डरची टार फाइल बनवून मीच माझ्या एक्स्टर्नल डिस्कवर ठेवली होती. 'घाबरू नकोस रे, बॅकअप आहे,' असं म्हणून मी डिस्क जोडली, त्याच्या फोल्डरच्या वरच्या डिरेक्टरीत गेलो आणि टार एक्स्ट्रॅक्ट केली. सगळी रीडिंग्ज परत आली. बाहेर जाऊन चहासुद्धा पिऊन आलो.

सकाळी त्याने रिपोर्ट उघडला. तिसऱ्या प्रकरणात फक्त दोन परिच्छेद होते. चौथ्यात नुसती शीर्षकं. फाइलींची तारीख बघितली तर ऑक्टोबरची!

टारचा यात काही दोष नाही. एक्स्ट्रॅक्ट करताना त्याच नावाची फाइल आधीच असेल, तर लिनक्सवरचा टार ती काढून आपल्याकडची ठेवतो. नवी कुठली, जुनी कुठली, हे तो विचारत नाही. रीडिंग्जचा फोल्डर रिकामा होता, तिथे काम चोख झालं. पण शेजारच्या फोल्डरमधल्या रिपोर्टवर आणि कोडवर त्याने ऑक्टोबर आणून बसवला. अडीच महिन्यांचं लिखाण गेलं. बॅकअप होता म्हणून गेलं, हे सांगताना अजूनही तोंड वाकडं होतं.

मी काय करायला हवं होतं, तेही सांगतो. आधी टारला मायनस टी देऊन आत काय काय आहे त्याची यादी बघायची. मग एक नवा, रिकामा फोल्डर करायचा आणि मायनस कॅपिटल सीने तिथेच उतरवायचं. हवा तो एकच फोल्डर काढायचा असेल तर त्याचं नाव कमांडच्या शेवटी द्यायचं, टार तेवढाच काढतो. मग डिफ मायनस आरने जुनं-नवं ताडून बघायचं आणि लागेल तेवढंच हलवायचं. फार तर पाच मिनिटं जास्त. जागेवरच उतरवायचं असेल तर मायनस के हा स्विच आहे, तो असलेल्या फाइलींना हात लावत नाही. हे सगळं मॅन पेजमध्ये लिहिलेलं आहे. मी ते दुसऱ्या दिवशी वाचलं.

आरसिंक वापरणाऱ्यांनी हसू नये. १९९६ साली आलेलं हे टूल फार गुणी आहे, पण बॅकअप घेताना जे सोर्स असतं ते रिस्टोअर करताना डेस्टिनेशन होतं, आणि घाईत तिथेच गडबड होते. त्यात डिलीटचा स्विच जोडला आणि दोन नावं उलटी पडली, तर रिकामा फोल्डर इमानदारीने बॅकअपवर उमटतो. सोर्सच्या शेवटी स्लॅश दिला तर आतला माल जातो, नाही दिला तर फोल्डरसकट जातो. म्हणून आधी मायनस एन आणि सोबत मायनस व्ही लावून नुसती रंगीत तालीम करावी. काय होणार ते छापून येतं, प्रत्यक्षात काहीच हलत नाही.

'आमचं सगळं क्लाउडवर असतं' म्हणणारे विंगमध्ये बरेच आहेत. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे बाबांनो. इथे उडवलेली फाइल तिथेही उडते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती तीस दिवस राहते, पण तुम्हाला आठवण सबमिशनच्या आदल्या रात्री होते. आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की एसएसडीवर ट्रिम चालू असेल तर उडवलेल्या फाइलीचं परत मिळण्यासारखं सहसा काही उरत नाही.

आता मोठ्यांचं बघा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले तेव्हा त्याच्या लक्षात आलं. बॅकअपचे एक-दोन नाही, चांगले पाच मार्ग होते, पण वेळेला नेहमीचा एकही धड उपयोगी पडला नाही. डंप घेणारी कमांड डेटाबेसपेक्षा जुन्या व्हर्जनची होती, त्यामुळे ती रोज फसत होती, आणि फसल्याचे ईमेल कुणापर्यंत पोचतच नव्हते. शेवटी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट कामी आला. डिस्क इतक्या हळू होत्या, की नुसतं कॉपी व्हायला अठरा तासांच्या आसपास लागले. ही सगळी कथा त्यांनी स्वतःच जगासमोर मांडली, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. आपल्याकडे आधी 'कुणी केलं?' हे विचारलं असतं.

माझं म्हणणं एवढंच, की रिस्टोअर करून बघितला नाही तोवर तो बॅकअप नाही, ती नुसती डिस्कवर अडवलेली जागा आहे. आणि हे आपल्याला कुणी करायला लावत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॅबमध्ये आपण डेडलॉकचा अल्गोरिदम लिहितो, जर्नलमध्ये सुंदर अक्षरात उतरवतो. एक प्रॅक्टिकल रिस्टोअरचं का नको? सरांनी एक फोल्डर द्यावा, विद्यार्थ्याने त्याचे चेकसम काढून बॅकअप घ्यावा, मग सरांनी त्यातल्या चार फाइली उडवाव्यात आणि दोन बदलाव्यात. उडालेल्या परत आल्या आणि बदललेल्या शाबूत राहिल्या, तरच सही.

'दोन कमांडसाठी प्रॅक्टिकल कशाला?' असं एका सरांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे, कमांड दोनच आहेत. मलाही त्या रात्री दोन्ही पाठ होत्या. पण घाबरलेल्या माणसासमोर, झोपेत, हातातली एकमेव प्रत जोडून त्या चालवायची वेळ येते, तेव्हा पाठांतर कामाचं नसतं. आणि सर, रागावू नका, पण डिपार्टमेंटचे मार्क्स ज्या सर्व्हरवर आहेत त्याचा बॅकअप रोज होत असेलही. तो दुसऱ्या मशीनवर उतरवून कधी बघितलाय का?

रूममेटचं पुढे काय झालं? तिसरं आणि चौथं प्रकरण गाइड सरांकडे तपासायला दिलेलं होतं, छापील. लाल पेनने रंगलेली ती बेचाळीस पानं आम्ही दोघांनी चार रात्री बसून टाइप केली. सरांच्या दुरुस्त्या आपोआप झाल्या, तेवढाच फायदा. कोड थोडा त्याच्या पार्टनरच्या मेलमध्ये मिळाला, बाकीचा पुन्हा लिहिला.

हल्ली महिन्याच्या पहिल्या शनिवारी, मेस बंद झाली की मी कॉमन रूममध्ये एक जुना लॅपटॉप घेऊन बसतो. ज्याला आपला बॅकअप उघडून बघायचाय त्याने डिस्क घेऊन यावं. रूममेटही येतो, पण कीबोर्ड स्वतःकडे ठेवतो.