सोनोग्राफी फक्त पोटाचीच?

मैत्रिणींनो, सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला आठवतं ते बाळंतपण. आपल्या कोल्हापुरात तर या यंत्रानं नको ते दिवसही दाखवले. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे अवघ्या ८३९ मुली होत्या. पुढे २०१० च्या सुमारास सोनोग्राफी यंत्रांवर 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवावे लागले. लेकीला नाकारण्यासाठी वापरलेल्या याच ध्वनिलहरी आज हृदयाच्या रक्तवाहिनीतलं दुखणं शोधतात, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही.

या तपासणीला 'आयव्हस' म्हणतात. अँजिओग्राफी करताना मनगटातून किंवा जांघेतून नळी हृदयापर्यंत नेतात. तिच्यातूनच सोनोग्राफीचा इवलासा प्रोब असलेली, मिलिमीटरभर जाडीची दुसरी नळी रक्तवाहिनीत सरकवतात. अँजिओग्राफीत नळातलं पाणी दिसतं, नळाच्या आतलं किटण दिसत नाही. चरबीचा थर आधी भिंतीतच वाढतो आणि वाट मोकळी दिसत राहते. आयव्हसमध्ये ती भिंतच दिसते. थर किती जाड आहे, स्टेंट केवढा हवा, बसवलेला नीट उघडला का, हे कळतं. गुंतागुंतीच्या अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनी अशी आतून पाहावी, अशी शिफारस युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ मध्ये केली.

हे बायकांना का सांगायचं? कारण पुष्कळ बायकांच्या छातीत दुखतं, पण अँजिओग्राफीत मोठा ब्लॉकेज सापडत नाही. मग 'टेन्शन घेऊ नका' म्हणून बोळवण होते. घरात तर तिच्या दुखण्याला नाव एकच, पित्त! दम लागणं, मळमळ, दरदरून घाम, जबडा किंवा पाठ दुखणं हीसुद्धा हार्ट अटॅकची लक्षणं असू शकतात. बचत गटाच्या बैठकीत नवऱ्याचा ईसीजी कधी काढला ते बायका झटकन सांगतात. स्वतःचा विचारला की एकमेकींकडं बघत बसतात.

आयव्हस सरसकट सगळ्यांनी करायची नसते. ती खर्चिक आहे आणि गरज डॉक्टरच ठरवतात. आपण आधी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तरी तपासून घेऊ या. पण 'ब्लॉकेज नाही, मग दुखतं कशानं?' हे विचारायचा हक्क आपला आहे, आणि तो सोडायचा नाही.

पोटात बाळ असताना सगळं घर आपल्याला तपासणीला घेऊन जातं. चाळिशीनंतर आपल्या काळजासाठीही घरानं तेवढीच धावपळ करायला हवी.