चालण्याचा हिशेब

मागच्या वर्षी आरोग्य शिबिरात रक्त तपासून घेतले. आठ दिवसांनी कागद हातात आला : तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा आणि ६.५ म्हणजे मधुमेह. वजन ७८ किलो. घरी आल्यावर तो कागद आम्ही अम्मीला दाखवला नाही. अम्मीच्या पायाचा अंगठा साखरेनेच गेलेला आहे.

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, पाच-सहा किलो कमी करा." आम्ही म्हणालो, "दिवसभर पळापळच तर असते!" फजरपासून इशापर्यंत टेकायला सवड नाही, असे आम्हाला खरेच वाटे. मग एक दिवस हिशेब मांडला. कपडे मशीन धुते, मसाला मिक्सर वाटतो, येरवड्यातली आमची शाळा जेमतेम दीड किलोमीटरवर, तीही स्कूटीवरून. दमणूक खरी होती, पण ती डोक्याची. पायांना कामच नव्हते.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे, म्हणजे बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावत. आपली धाव लिफ्टचे दार गाठण्यापुरतीच, असे याज्ञिकांनी गमतीने लिहिले. फरक नुसत्या धावण्याचा नाही. आपल्याकडची बाळे जन्मतःच अंगात चरबी जास्त घेऊन येतात, हेही याज्ञिकांनीच दाखवून दिले आहे. म्हणून हालचालीची गरज आपल्याला जास्त.

आम्ही स्कूटी घरी ठेवली. आमच्या वजनाच्या माणसाचे एक किलोमीटर चालण्यात साधारण पन्नास-पंचावन्न कॅलरी खर्च होतात. जाऊन-येऊन तीन किलोमीटर, म्हणजे सुमारे १६०. महिन्यात पंचवीस दिवस धरले तर चार हजार. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. म्हणजे महिन्याला अर्धा किलो, तोही कागदावर. प्रत्यक्षात त्याहून कमीच.

आणि एक समोसा खाल्ला की दोन्ही वेळचे चालणे वाया! पहिल्या महिन्यात आमचे असेच झाले. चाललो म्हणून भूक, भूक म्हणून स्टाफरूममधला समोसा. काटा हलला नाही. मग समोसा बंद केला आणि चहातली साखर दोन चमच्यांवरून अर्ध्यावर आणली. पोटाचा एक हिस्सा श्वासासाठी मोकळा ठेवावा, ही हदीसची शिकवण आम्ही मुलांना शिकवत होतो. ताटावर बसल्यावर मात्र विसरत होतो.

"पाच वेळा नमाज पढतो, मग वेगळा व्यायाम कशाला?" असे पुष्कळजण विचारतात. नमाज इबादत आहे, तिला कॅलरीच्या तराजूत घालू नये. मशिदीपर्यंत मोटारसायकल नेणाऱ्या भावांनी मात्र पायी जावे. बहिणींनी दोघी-तिघी मिळून फजरनंतर निघावे. सोबत असली की संकोच राहत नाही. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतका वेग असावा. आठवड्याला १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तो एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करावेत. गुडघे दुखत असतील, इन्सुलिन चालू असेल किंवा पायाला जखम असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आठ महिन्यांत आमचे साडेतीन किलो उतरले. साखर ५.८ झाली; उंबरठा अजून ओलांडलेला नाही, पण पाऊल मागे आले, अलहम्दुलिल्लाह. या वेळी दोन्ही कागद अम्मीपुढे ठेवले. अम्मी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पहिला त्याच दिवशी का दाखवला नाहीस? मी तुला एकटीला चालू दिलं असतं का?"

आता डॉक्टरांना विचारून, मऊ बूट घालून, अम्मी रोज गल्लीच्या टोकापर्यंत आमच्याबरोबर येते.