डिकीतली लाल पट्टी

परवा गाडीच्या डिकीतली छत्री काढून माळ्यावर टाकली आणि तिच्या जागी लाल रिफ्लेक्टर पट्टीची गुंडाळी, सुतळी, कात्री आणि एक कोरडं फडकं ठेवलं. माझा हिवाळा इथून सुरू होतो. स्वेटर मागाहून निघतात.

माहेर कराडच्या पुढे, कृष्णेच्या खोऱ्यात. पुण्याहून तिथे वर्षाकाठी बारा-पंधरा फेऱ्या होतात आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक दिवाळी ते शिमगा या काळात. लग्नं, जत्रा, हुरडा, थंडीत उसळणारा आईचा संधिवात, सगळं याच दिवसांत येतं. आणि नेमका हाच उसाचा गळीत हंगाम. कारखान्यांची धुराडी पेटली की रस्त्याचं रूपच पालटतं. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, टायरच्या बैलगाड्या, ट्रक, सगळे एका चालीनं कारखान्याकडे निघालेले. तोडलेला ऊस वाळत गेला की वजन घटतं, साखरेचा उतारा उतरतो. त्यामुळे फडातून निघालेला ऊस सकाळ व्हायची वाट पाहत नाही, रात्रभर रस्त्यावर असतो.

हिवाळ्यासाठी गाडी तयार करायची म्हटलं की डोळ्यांसमोर बर्फ येतो, चाकांना बांधलेल्या साखळ्या येतात. आपल्याकडे तसलं काही नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, निफाडला एखाद्या वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो, एवढंच. पण म्हणून हिवाळा गाडीला सोपा जातो असं मानू नये. आपली थंडी इंजिन गोठवत नाही, ती नजर बांधते. हे मला उशिरा कळलं, आणि ज्या दिवशी कळलं तो दिवस अजून अंगावर येतो.

सहा वर्षांपूर्वीची जानेवारीतली पहाट. भावाकडे पूजा होती. मी आणि मावशी पहाटे चारला पुण्यातून निघालो. खंबाटकी ओलांडला तेव्हा आभाळ निरभ्र होतं, चांदण्या ठळक दिसत होत्या, म्हणून मी निर्धास्त होते. खरं म्हणजे तीच धोक्याची खूण. आभाळ मोकळं असलं की जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते, वारा पडलेला असतो, आणि नदीकाठची, भिजवलेल्या उसाची ओलसर हवा गार होऊन जमिनीलगत धुकं धरते. उंब्रज सोडलं आणि आम्ही त्यात शिरलो. कराडला महामार्ग सोडून आतल्या दोनपदरी रस्त्याला लागलो तोवर सव्वासहा वाजून गेले होते, पण जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे काळोख होताच. मी पन्नासनं चालले होते. हा वेग मला फार सावध वाटत होता.

समोर धुकंच जरा काळपट झाल्यासारखं दिसलं. मग त्या काळपटातून पाचट बाहेर आलं. मग ऊस. लाल दिवा नाही, पट्टी नाही, काहीच नाही, नुसता ऊस. ब्रेक एवढा जोरात दाबला गेला की पायाखाली एबीएसची थडथड जाणवली. गाडी थांबली तेव्हा बॉनेट आणि उसाची टोकं यांच्यात हातभर अंतर होतं. ओल्या उसाचा गोडसर वास एसीच्या जाळीतून आत आला. ट्रॉली आपल्या चालीनं चालतच राहिली, ट्रॅक्टरवरचं गाणं धुक्यात लांब जात गेलं. मागे काय झालं याचा त्या माणसाला पत्ताही नव्हता. मावशीनं मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. थोड्या वेळानं ती एवढंच म्हणाली, "बाजूला घे, बाळ. उजाडेपर्यंत कुठंतरी थांबू." पुढच्या पेट्रोल पंपावर आम्ही पाऊण तास बसून होतो.

चूक ट्रॉलीची, हे मी घरी सांगितलं, ऑफिसात सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण परत आल्यावर गाडी आमच्या गॅरेजवाल्या काकांकडे नेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. अंधार पडल्यावर गाडी पांढऱ्या भिंतीसमोर वीस-पंचवीस फुटांवर उभी केली आणि दिवे लावले. भिंतीवर उजवा झोत वर चढलेला, डावा फिकट आणि खाली पडलेला. डाव्या दिव्याची काच उन्हानं पिवळी पडून धुरकटली होती. मग ते आत बसले आणि पुढच्या काचेवर आतून एक बोट ओढलं. बोट चिकट झालं आणि काचेवर स्वच्छ रेघ उमटली. "ताई," ते म्हणाले, "तुम्ही एका डोळ्यानं बघत होतात, आणि तोही पडद्याआडून."

तेव्हापासून दर वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी काचेपासून सुरुवात करते. बाहेरून काच सगळेच धुतात. आतून महिनोन्‌महिने कोणी पुसत नाही. उन्हाळ्यात डॅशबोर्डचं प्लास्टिक तापून त्याचा तेलकट थर काचेवर बसतो, त्यावर धूळ, त्यावर आपला श्वास. दिवसा हा थर दिसत नाही. रात्री समोरून दिवा आला की त्याच थरावर उजेड पसरतो आणि क्षणभर पुढचं काही म्हणता काही दिसत नाही. ओल्या फडक्यानं एकदा, मग जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्यानं कोरडं, असं दोनदा केलं की काच आहे की नाही कळत नाही इतकी निखळ होते. वायपरची रबरं तर उन्हाळ्यानं कडक झालेली असतात. पावसाळ्यात कशीबशी चालून गेली, तरी दवाचा पातळ थर त्यांना निपटत नाही, ती नुसते फराटे ओढतात. ती बदलायचीच.

काचेवर बाष्प धरलं की आपण हातानं पुसतो. कितीही पुसलं तरी दोन मिनिटांत पुन्हा धरतं आणि तळहाताचे डाग वेगळे राहतात. थंडीत एसी कशाला, असं म्हणून एसी बंद ठेवलेला असतो, तिथेच गफलत होते. एसी हवा गार करतो तशी कोरडीही करतो, आणि इथे कोरडी हवाच हवी असते. एसी चालू करायचा, तापमान उबदार ठेवायचं, झोत काचेकडे वळवायचा, आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा घ्यायची. काच बघता बघता मोकळी होते. कधी बाष्प बाहेरून धरतं, ते बोट लावलं की कळतं. तेव्हा वायपर एकदा फिरवायचा आणि आतला गारवा कमी करायचा.

दिव्यांचं म्हणाल तर काचा पॉलिश करून घेणं आणि झोत भिंतीवर जुळवणं एवढं गॅरेजात होतं. बाकीचं आपल्या हातात. डिकी भरली, मागे तीन माणसं बसली की गाडी मागून दबते आणि पुढचा झोत वर जातो. त्यासाठी बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला एक छोटी फिरकी असते, ० पासून पुढे आकडे असलेली. ती फिरवली की झोत खाली येतो. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी ती एकदाही फिरवलेली नाही. धुक्यात अप्पर लावला तर उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो, म्हणून डिपर, आणि असतील तर खालचे फॉग लॅम्प.

आणि एक गोष्ट मला फार कळकळीनं सांगायची आहे. नव्या गाड्यांना पुढे दिवसा आपोआप लागणारे दिवे असतात. ते लागलेले दिसतात, डॅशबोर्ड उजळलेला असतो, त्यामुळे दिवे चालू आहेत अशी समजूत होते. पण बऱ्याच गाड्यांत त्या दिव्यांबरोबर मागचे लाल दिवे लागत नाहीत. ऑटोवर ठेवलेले दिवेही उजेड मोजतात, धुकं मोजत नाहीत. सकाळी साडेसातला सगळं पांढरंफेक असतं, गाडीला वाटतं उजाडलं, आणि ती मागचे दिवे बंद करते. म्हणजे ज्या ट्रॉलीला आपण नावं ठेवतो, तिच्याइतकेच आपण मागून येणाऱ्याला अदृश्य असतो. धुकं दिसलं की बटण हातानं फिरवायचं. चारही इंडिकेटर लावून चालत राहणं हाही त्यावर उपाय नव्हे. त्यानं आपण उभे आहोत की चाललो आहोत हे कळत नाही, आणि वळताना इशारा देता येत नाही. ते उभ्या गाडीसाठी.

बॅटरी, टायर, ऑइल यांची गोष्ट थोडक्यात आटोपते. बॅटरी थंडीत बसली तरी तिला मारलेलं असतं उन्हाळ्यानं. एप्रिल-मेच्या उष्णतेत ती झिजते, आणि डिसेंबरात आतली रासायनिक क्रिया मंदावली, इंजिनाचं ऑइलही घट्टसर झालं, की एका सकाळी नुसतं टकटक होऊन थांबते. तीन-चार वर्षं झालेली बॅटरी दिवाळीनंतर तपासून घ्यावी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ठीक. ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडीत ते किती सहज वाहतं त्याचा आकडा. गाडीच्या पुस्तकात सांगितलंय तेच घालावं, आपल्या थंडीला वेगळं लागत नाही. टायरमधली हवा मात्र खरंच कमी होते. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय. दुपारी तापल्या टायरात भरलेली हवा पहाटे तीन पीएसआयनं कमी भरते. म्हणून सकाळी, थंड टायरात, ड्रायव्हरच्या दाराशी चिकटवलेला आकडा बघून भरायची.

तरी हे सगळं करून गाडी लखलखीत झाली म्हणजे काम झालं असं मला वाटत नाही, आणि त्याला हिशेब आहे. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर तिथेच गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५. झाले ६८. डिपरमध्ये, पाठीवर काही चमकत नसलेली काळी ट्रॉली चाळीस-पन्नास मीटरांवर दिसली तरी नशीब म्हणायचं. हेच ४० ला सगळं मिळून २५-२६ मीटरांत आटोपतं. पण धुक्यात कधी तेवढंही दिसत नाही. माझ्या गाडीला कितीही सजवलं तरी पुढची ट्रॉली दिसेल तेव्हाच मी थांबू शकते.

आणि रिफ्लेक्टर पट्टीचं वैशिष्ट्य असं, की ती स्वतः उजेड देत नाही. पडलेला उजेड आला त्याच दिशेला परत पाठवते. तिला बॅटरी लागत नाही, वायर लागत नाही, तुटत नाही. पण माझा दिवा फिकट, तर तिची चमक फिकट. माझी काच मळकी, तर ती चमक मला दिसणार नाही. अर्धं काम माझ्या गाडीवर आणि अर्धं त्या ट्रॉलीच्या पाठीवर. म्हणून दुसऱ्या वर्षीपासून मी गुंडाळी घेऊन जायला लागले. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी असा नियम आहे. मी लालच नेते, गावी भावाच्या शेतावर टोळी असते तिच्या ट्रॉलीला लावते.

पहिल्या खेपेला मोठ्या उत्साहानं ट्रॉलीच्या मागच्या फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी लावली. संध्याकाळी भरलेली ट्रॉली निघाली तेव्हा बघते तर पट्टी गायब. ऊस फळीबाहेर आलेला, पाचट खाली लोंबतंय, पट्टी त्याच्या मागे. ट्रॉलीला मुळात असलेले दोन लाल रिफ्लेक्टरही तसेच झाकलेले होते. तेव्हा कळलं, की सहा वर्षांपूर्वीच्या त्या ट्रॉलीलाही कदाचित पट्टी असेल.

यंदाच्या टोळीचा ट्रॅक्टरवाला बीडकडचा, पंचविशीचा पोरगा. बायको आणि थोरला भाऊ कोयत्यावर, हा ट्रॅक्टरवर. गेल्या रविवारी त्याला म्हटलं, पट्टी लावू या का? तो म्हणाला, "लावा की ताई. पर फळीला नका लावू, ऊस झाकतो." आणि खोपीमागून तेलाच्या डब्याचा कापून सरळ केलेला पत्रा घेऊन आला. हातभर लांब, वीतभर रुंद. मी तो फडक्यानं पुसला, धूळ राहिली की पट्टी धरत नाही, आणि तीन ओळींत पट्टी चिकटवली. त्याच्या बायकोनं मोबाईलचा उजेड धरला होता. त्यानं खिळ्यानं दोन भोकं पाडून सुतळी ओवली आणि ऊस भरून झाल्यावर पत्रा उसाच्या बाहेरून, पार मागे बांधला. कडेला चिंधी गुंडाळली, वाऱ्यानं वाजू नये म्हणून.

अंधार पडला होता. मी गाडी बांधावरून मागे घेत शंभर पावलांवर नेली आणि त्याला शेजारी बसवलं. डिपर लावला. काळोखात ट्रॉली नव्हतीच, ट्रॅक्टर नव्हता, ऊस नव्हता. नुसता एक लाल चौकोन पेटल्यासारखा उभा होता. तो काही क्षण बघत राहिला. रोज रात्री चालवतो ती ट्रॉली त्यानं अंधारात मागून कधी पाहिली नव्हती.

"बंद करा बरं दिवा," तो म्हणाला. मी बंद केला. समोर काहीच उरलं नाही. पुन्हा लावला.

"दुसऱ्या ट्रॉलीलाबी लावू," तो म्हणाला. "पट्टी हाय का उरलेली?"

होती. तो पत्रा शोधायला खोपीकडे पळत गेला.