शाळेला नाव हवे की नंबर?

बुलडाणा जिल्ह्यातल्या नगरपालिकेच्या गावांत फिरताना शाळांच्या पाट्या वाचाव्यात. 'नगर परिषद उर्दू प्राथमिक शाळा क्रमांक 2', 'मराठी प्राथमिक शाळा क्रमांक 5'. खासगी संस्थांच्या शाळांना मात्र नावे असतात, कधी थोर पुरुषांची, कधी संस्थापकांच्या वडिलांची. फी भरणाऱ्याच्या मुलाला नाव आणि हमालाच्या मुलाला नंबर, असे काहीसे हे वाटप झाले आहे.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. 'माझी शाळा' हा निबंध दरवर्षी असतोच. मुले लिहितात, 'माझ्या शाळेचे नाव क्रमांक 4 आहे.' व्याकरणात चूक नाही, पण ते वाक्य तपासताना लाल पेन थांबते.

नंबरच्या बाजूने बोलणारे माझे सहकारी अडाणी नाहीत. त्यांचे म्हणणे असे की, नंबरवरून भांडण होत नाही. मुस्लिम मोहल्ल्यातल्या शाळेला मौलाना आझादांचे नाव सुचवले तरी कोणीतरी विचारणार, हेच का? औरंगाबाद आणि अहमदनगरच्या नामांतराचे दिवस सगळ्यांनी पाहिले आहेत. 'मॅडम, नंबर राहू द्या, निवांत आहोत,' असे एक ज्येष्ठ सर म्हणाले. ही भीती मला समजते. भीतीपोटी बिननावाचे राहावे, हे मात्र पटत नाही.

शिवाय नंबर कायमचा असतो, हाही गैरसमज. मलकापूर, नांदुरा, खामगाववरून जाणारा महामार्ग पूर्वी 6 नंबरचा होता. 2010 मध्ये देशभरातल्या महामार्गांना नवे क्रमांक दिले, पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम आणि उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम. आपला झाला 53. ट्रकवाल्यांच्या तोंडी 'एनएच सिक्स' अजून ऐकू येते. म्हणजे लोकांनी त्या आकड्याचेच नाव करून टाकले होते, आणि तेही बदलले!

कारभाराला आकडा लागतो, हे मान्य. त्यासाठी प्रत्येक शाळेला 11 अंकी यू-डायस कोड आहेच. त्यात 27 म्हणजे महाराष्ट्र, 04 म्हणजे बुलडाणा, पुढे तालुका, गाव आणि शेवटचे दोन अंक शाळेचे. मग पाटीवर वेगळा क्रमांक कोणासाठी? न्यूयॉर्कमध्येही सरकारी शाळांना नंबर असतात, पण अनेकींना सोबत नावही असते. ब्रुकलिनची 'पी. एस. 8' ही पूर्वी रॉबर्ट फुल्टन यांच्या नावाची शाळा होती. दोन्ही सुखाने नांदतात.

मला खरी काळजी दुसरीच आहे. 2023 मध्ये 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांची कल्पना पुढे आली. पट घसरला की शाळा दुसऱ्या शाळेत मिसळायची, ही चर्चा शहरी शाळांतही चालते. क्रमांक 6 उद्या क्रमांक 3 मध्ये गेली, तर कागदावर फक्त एक आकडा कमी होतो. नावाची शाळा बंद करायची म्हटले की तिथे शिकलेले दोनशे लोक तरी विचारतात, का? नाव शाळेला वाचवेलच असे नाही. पण तिच्यासाठी कोण उभे राहणार, हे नावामुळे आधीच ठरलेले असते.

नाव कोणाचे, यावर माझे मत साधे आहे. पुढाऱ्यांचे नको, हयात माणसाचे तर नकोच. फातिमा शेख यांचे मला आवडेल. सावित्रीबाईंच्या 1856 च्या पत्रात फातिमाचा उल्लेख येतो, आणि मराठी-उर्दू दोन्ही शाळांना ते शोभेल. त्याहून आवडेल ते त्या मोहल्ल्यात तीस वर्षे शिकवून गेलेल्या एखाद्या आपाचे. लोक आपसात तसे बोलतातच, 'दर्ग्याजवळची शाळा', 'आपाची शाळा'. पाटी तेवढी मागे राहिली आहे.

ठराव नगर परिषदेने करायचा, पण मागणी शाळा व्यवस्थापन समितीतून यायला हवी. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. बैठकीत बहुतेक वेळ पोषण आहार आणि शौचालयाच्या दारावर जातो, आणि तो जायलाच हवा. जूनच्या बैठकीत शेवटची दहा मिनिटे या विषयाला मिळावीत, एवढेच मी आमच्या पालकांना सांगणार आहे.